वन्सं रागावल्या, म्हणून ब्लॉग बंद करू का?

पत्र:

"सप्रेम नमस्कार. मी चिपळूणची, वय एकोणसाठ, शाळेतून निवृत्त झालेली. २०२१ च्या जुलैत घरात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा माझ्या तीस वर्षांच्या डायऱ्या खालच्या कपाटात होत्या. सगळ्यांचा लगदा झाला. २००५ च्या पुराबद्दल ज्या डायरीत लिहिलं होतं, तीही त्यातच गेली. नंतर मुलाने मला ब्लॉग काढून दिला आणि मी रोजचं जे असेल ते तिथे लिहू लागले. पहिल्या पावसातला टाकळा, लाइट गेली, बाजारात काय मिळालं, शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली, असलंच सगळं. दोनशेच्या वर लेख झाले. वाचणारे जेमतेम पंधरा.

गेल्या महिन्यात सासूबाईंवर लिहिलं. त्या सत्त्याऐंशीच्या आहेत आणि दोन वर्षांपासून विसरतात. तो लेख सोबत पाठवते आहे. नात्यातल्या कोणीतरी त्याची लिंक घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. मुंबईहून वन्संचा फोन आला, 'माझ्या आईला चव्हाट्यावर आणलंस.' तेव्हापासून बोलणं बंद. हे म्हणतात, कशाला हवं ते लिहिणं. मुलगा म्हणतो, आई, ब्लॉग आता कोण वाचतं, रील कर. पुराची रेघ जिन्याजवळच्या भिंतीवर अजून आहे, तिच्यावर लिहायचं मनात होतं; पण गणपतीआधी घराला रंग काढायचं चाललंय आणि माझा हातच चालत नाही. वन्सं गणपतीला येतील. त्याआधी सगळं पुसून टाकू का?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि सोबतचा लेखही. आधी घाईचं सांगते. सगळं पुसू नका. आज फक्त तो एक लेख मसुद्यात परत न्या. लेख न पुसता लोकांसमोरून काढून घ्यायची सोय ब्लॉगरवर आहे, वर्डप्रेसवरही आहे. तो तुमच्याकडे शाबूत राहतो, बाहेर कोणाला दिसत नाही. गूगलवर शोधलं तर काही दिवस त्याचं शीर्षक दिसत राहील, आणि ग्रुपवर कोणी स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर त्याला आपला इलाज नाही. पण लेख काढलाय, एवढं वन्संना खरेपणाने सांगता येईल. बाकीच्या दोनशे लेखांनी कोणाचं घोडं मारलेलं नाही. तुमचं तीस वर्षांचं लिखाण एकदा पाण्याने नेलंय. दुसऱ्यांदा ते स्वतःच्या हाताने घालवू नका.

आता वन्संबद्दल. चव्हाट्यावर आणलंस, असं त्या म्हणाल्या ते तुम्हाला लागलं, आणि लागणारच. सासूबाईंचं रात्रंदिवस तुम्ही करताय, त्या नाही. तरी मला वाटतं, त्यांचं दुखणं वेगळं आहे. तुमच्या लेखात एक वाक्य आहे, की सासूबाई हल्ली लेकीचं नावही विसरतात. हे वन्संना तुम्ही आधी सांगितलं होतं का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. नसेल सांगितलं, तर आपली आई आपलं नाव विसरते हे त्या लेकीला कळलं ते मोबाइलवर आलेल्या लिंकमधून. आणि त्याच वेळी जावा, भाचे, मावसभावंडं तेच वाचत होती. बिचारीला रडायलासुद्धा आडोसा मिळाला नाही. तुम्ही ते लपवून ठेवलं असेल ते त्यांना त्रास नको म्हणूनच. लांब राहणाऱ्या माणसाला आपण 'सगळं ठीक आहे' असंच सांगत असतो. पण ज्याला 'ठीक आहे' सांगितलं, त्याच्या आधी ते जगाला सांगून चालत नाही.

म्हणून गणपतीपर्यंत थांबू नका. फोन करा आणि दोनच गोष्टी बोला: लेख काढलाय, आणि हे तुम्हाला आधी मी सांगायला हवं होतं. 'पण माझा हेतू तसा नव्हता' हे त्या फोनवर नको. ते खरं आहे, पण त्याला नंतर वेळ आहे. नंतर सासूबाईंची तब्येत काय आहे ते नीट, सविस्तर सांगा. लेखात लिहिलंय त्याहूनही जास्त सांगा. त्या एकदम निवळतील असं मी म्हणत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. आम्ही पूर्वी वाड्यात राहायचो तेव्हाची गोष्ट. मी नुकती ब्लॉग लिहायला लागले होते आणि बघेन ते मला लिहावंसं वाटायचं. शेजारच्या काकूंच्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. काकू आठ दिवस बाहेर आल्या नाहीत. मी त्यावर लिहिलं, अगदी कळवळून लिहिलं. नाव नाही, गाव नाही. पण लेखाच्या पहिल्याच ओळीत त्यांचं निळं दार होतं आणि दारातल्या फुटक्या बादलीत लावलेला गवती चहा होता. आमच्या आळीत निळं दार एकच. दोन दिवसांत ते सगळ्यांनी वाचलं, काकूंच्या होऊ घातलेल्या विहीणबाईंच्या घरापर्यंत ते गेलं. मी जाऊन माफी मागितली. काकूंनी मला आत घेतलं, चहासुद्धा केला, त्याच गवती चहाचा. पण त्याआधी रोज संध्याकाळी आम्ही दोघी पायरीवर बसून भाजी निवडायचो, ते त्यानंतर कधी झालं नाही. नाव गाळलं म्हणजे माणूस झाकला जातो, हा माझा समज त्या दिवशी गेला. तुम्ही ज्या बारकाईने लिहिता, त्याच बारकाईमुळे माणूस ओळखू येतो.

तेव्हापासून मी एक कसोटी ठेवलीय. ज्या माणसावर लिहिलं ते माणूस समोर पाटावर बसलंय आणि मी हे मोठ्याने वाचतेय, असं मनाशी धरते. जिथे आवाज अडखळतो ते वाक्य जातं. सासूबाईंच्या बाबतीत मात्र ही कसोटीही पुरी पडत नाही, कारण त्यांना विचारायची सोय राहिलेली नाही. त्यांच्या वतीने होय किंवा नाही म्हणायचा हक्क अख्ख्या जगात तुमच्या यजमानांचा आणि वन्संचा. तुमचा तिसरा.

तुमचा लेख मी त्या नजरेने पुन्हा वाचला. ओलं अंथरूण, शिव्या, डायपर, हे सगळं सासूबाईंचं आहे. ते खरं असलं तरी लिहायला तुमचं नाही. त्या शुद्धीत असत्या तर हे घरातल्या सुनेलाही त्यांनी दिसू दिलं नसतं. त्या पिढीच्या बायका दुखणंसुद्धा पदराखाली लपवायच्या. पण शेवटचा परिच्छेद बघा. रात्री तीनला त्या उठून बसतात आणि विचारतात, "माझ्या आईला कळवलंत का, मी पोचले म्हणून?" त्यांच्या आईला जाऊन चाळीस वर्षं झालेली. आणि तुम्ही म्हणता, "हो, कालच पत्र टाकलं." मग त्या हात घट्ट धरून झोपतात आणि तुमचा हात अवघडला तरी तुम्ही तो सोडवून घेत नाही. ताई, हे तुमचं आहे. इथे सासूबाई कुठेही लहान होत नाहीत. नवी नवरी सासरी पोचल्याचं आईला कळवायची धडपड सत्त्याऐंशीव्या वर्षी जागी होते, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

वन्सं येतील तेव्हा हा एवढाच भाग कागदावर लिहून ठेवा. मोबाइल त्यांच्या हातात देऊ नका. गौरी-गणपतीची गडबड ओसरली, की दुपारच्या निवांत वेळी त्यांना वाचून दाखवा. त्यांनी हो म्हटलं तर प्रसिद्ध करा. नको म्हटलं तर कपाटात राहू द्या, माडीवरच्या. त्या हो म्हणाव्यात म्हणून वाचायचं नाही, त्यांच्या आईची एक रात्र त्यांच्या वाट्याला यावी म्हणून वाचायचं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो तुम्ही सरळ विचारलेला नाही पण पत्रभर आहे: असल्या रोजच्या गोष्टी लिहायच्या कशाला?

तुमच्या ब्लॉगवर पुराचा लेख वाचला. बाईसाहेब, काय लिहिलंय! "पाणी तिसऱ्या पायरीवर आलं तेव्हा आधी देव वर न्यावेत की सिलिंडर, याचा मी विचार करत होते, आणि नेलं ते दुधाचं पातेलं." २२ जुलै २०२१ च्या चिपळूणची बातमी सगळीकडे आहे. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, बाजारपेठ बुडाली, एनडीआरएफच्या बोटी आल्या, हे कोणालाही मिळेल. पण घाबरलेली बाई कशाला आधी हात घालते, ते कुठल्याही पंचनाम्यात नसतं. पाणी उतरल्यावर चिखलाला कसला वास येत होता, पहिला चहा कोणाच्या घरी झाला, गॅलरीत वाळत घातलेल्या वह्यांची पानं एकमेकांना कशी चिकटली, हे तुम्ही लिहिलंत म्हणून आहे. २००५ चं तुम्ही लिहिलेलं आज वाचायला मिळत नाही, याची हळहळ तुम्हालाच सगळ्यात जास्त ठाऊक आहे.

एक तक्रार मात्र करते. तुम्ही 'परवा', 'मागच्या आठवड्यात', 'बाजारात' असं लिहिता. लिहिताना ते पुरतं, पाच वर्षांनी पुरत नाही. तारीख घाला. टाकळा चिंचनाक्यावर घेतला की गोवळकोटहून कोणी आणून दिला, जुडी केवढ्याला मिळाली, त्या दिवशी पाऊस लागून किती दिवस झाले होते, हे लिहा. भारंगी, फोडशी, टाकळा यांतलं पहिलं काय आलं, हे तुमच्या गेलेल्या डायऱ्यांत असणारच, शाळेतल्या बाईंची सवय जात नाही. ब्लॉगवर ती का सोडलीत? असं दरवर्षीचं लिहिलेलं राहिलं, तर पावसाळा कधी लांबला आणि रानभाजी कधी उशिरा आली, हे तुमच्या नातवंडांना तुमच्याच अक्षरात मिळेल.

मुलाशी वाद घालू नका. रील करायला माझी काही हरकत नाही, घावन काढताना हात कसा फिरवायचा ते रीलमध्येच चांगलं दिसतं. पण त्याला एक गोष्ट समजावून सांगा. रील आलं तसं खाली सरकून जातं, आणि लिहिलेला मजकूर शोधून सापडतो. मात्र तो सापडावा असं तुम्हीही काही करायला हवं. तुमच्या लेखांची शीर्षकं 'मनातलं', 'सहजच', 'पाऊस आणि मी' अशी आहेत. पुराच्या लेखाचं नाव 'तो दिवस'! तो दिवस कोणता हे चिपळूणबाहेरच्या माणसाला काय कळणार? 'चिपळूण, २२ जुलै २०२१: पाणी आमच्या जिन्यापर्यंत' असं नाव द्या, शोधणारा नेमका तिथे पोचेल. आणि अलीकडे तुम्ही फुलांच्या चित्रावर मजकूर टाकून ते चित्रच चढवता, ते थांबवा. दिसायला छान दिसतं, पण त्यातलं अक्षर शोधात धड येत नाही. ज्यांना दिसत नाही आणि फोन ज्यांना मजकूर वाचून दाखवतो, अशा वाचकांना तर त्या जागी नुसतं 'चित्र' एवढंच ऐकू येतं. मजकूर मजकूर म्हणूनच लिहा, चित्र हवं तर खाली लावा.

पंधरा वाचकांचं म्हणाल, तर पूर्वी आमच्याकडे जास्त होते हे खरं आहे. ब्लॉगला आम्ही तेव्हा अनुदिनी म्हणायचो, कोणी जालनिशी म्हणायचं. नवं काही लिहिलं, की ते वाचकाकडे आपोआप पोचायचं, कारण बरेचजण गूगल रीडर वापरायचे. १ जुलै २०१३ ला ते बंद झालं आणि वाचणारे पांगले. लिहिणं बिघडलं म्हणून ते गेले नाहीत. तुम्ही असं करा, ज्यांना खरंच आवडतं अशा आठ-दहा जणांना नवा लेख स्वतः पाठवत जा, एकेकाला. घरच्या ग्रुपवर नको. पंधरा माणसं जिन्यात बसली तर जिना भरतो, ताई.

आता ज्यासाठी तुम्ही मला पत्र लिहिलेलं नाही, पण ज्याची मला तुमच्यासाठी सगळ्यात काळजी वाटते, ते. तुम्हाला वाटतंय की डायऱ्या पाण्यात गेल्या पण ब्लॉग सुरक्षित आहे. तसं नाही. मी २००६ मध्ये लिहायला लागले तेव्हा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करायचे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर माझी आजीची आठवण म्हणजे स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरांचा नुसता गिचमिडा. पुढे युनिकोड, म्हणजे सगळीकडे एकसारखी चालणारी अक्षरांची पद्धत, रुळलं, म्हणून आज तुमचा लेख कुठल्याही फोनवर वाचता येतो. त्यानंतरचे माझे चाळीसेक लेख एका छोट्या कंपनीने दिलेल्या फुकटच्या जागेवर होते. एके दिवशी पत्ता उघडेना. दोन-तीन महिने वाट पाहिली, मेल केले, उत्तर नाही. गेले ते गेले. तेव्हा मी लहान कंपनीला दोष दिला, पण मोठ्यांचंही तेच होतं. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केलं, त्यावर लोकांची घरगुती पानं होती. आपल्याकडे घरोघर असलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. दुसऱ्याच्या जागेत ठेवलेलं सामान कधीही बाहेर काढायला लागू शकतं, हे धरूनच ठेवायचं.

तुमचा ब्लॉग ब्लॉगरवर आहे, म्हणजे गूगलच्या खात्यात. मुलगा येईल तेव्हा त्याला गूगल टेकआउट उघडायला सांगा. तिथून ब्लॉगची सगळी प्रत एका फाइलमध्ये उतरवून घेता येते. फोटो वेगळे तपासा, कारण मजकूर आला आणि फोटो राहिले असं हमखास होतं. दर तीन महिन्यांनी हे करा, दिवाळी, होळी असं काहीतरी ठरवून घ्या, म्हणजे विसरायला होत नाही. एक प्रत मुलाकडे राहू द्या, त्याच्या गावाला. तुमच्या गावातल्या पेन ड्राइव्हचा भरवसा पावसाळ्यात मी धरणार नाही. आणि आवडते लेख झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर छापून घ्या, प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात घाला आणि माडीवर ठेवा. मला हसू नका, माझा अजूनही सगळ्यात जास्त विश्वास कागदावर आहे, फक्त तो खालच्या कपाटात नको.

दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर गूगल ते खातं काढून टाकू शकतं, तोही नियम आहे. आपण आजारी पडलो, आपलं काही झालं, तर? त्यासाठी खात्यातच एक सोय आहे: अमुक महिने खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही सांगितलेल्या माणसाला कळवलं जातं आणि त्यातलं सामान त्याला उतरवून घेता येतं. तिथे मुलाचं नाव घाला. घराच्या कागदपत्रांचं सांगून ठेवतो, तसं हेही सांगून ठेवायचं.

आणि हो, एक बारीकशी गोष्ट. मे महिन्यात तुम्ही 'आठ दिवस घर बंद करून मुलाकडे चाललोय' असं लिहिलं होतंत. असं परत आल्यावर लिहा. प्रवासाची गंमत आठ दिवसांनी शिळी होत नाही.

राहिली भिंतीवरची रेघ. रंगारी यायच्या आधी एक सकाळ काढा. जमिनीपासून रेघेपर्यंत टेप लावा आणि किती फूट किती इंच ते पाटीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहा, खाली तारीख घाला, आणि टेप, पाटी, रेघ, जिना असं सगळं येईल असा फोटो काढा. मग यजमानांना त्या रेघेशेजारी उभं करून आणखी एक काढा. खांद्याला लागते की छातीला, ते कळू दे. ते नको म्हणतात ना लिहिणं? त्यांना विचारा, त्या पहाटे पहिला आवाज त्यांनी कसला ऐकला. तुम्ही पुराच्या लेखात लिहिलंय, की आधी तेच जागे झाले होते. ते काय ऐकून जागे झाले, हे मात्र कुठेच आलेलं नाही.